किट घ्या, किटकिट टाळा!

पावसाळ्यात सांगलीकर भेटले की पहिला प्रश्न ठरलेला, ‘आयर्विनला पाणी किती?’ ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका. १९२९ सालच्या या पुलानं अख्ख्या शहराला पाण्याबद्दल आकड्यांत बोलायला शिकवलं. पण माहीत आहे का? घरात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवून कोरल सांभाळणाऱ्यांची धोक्याची पातळी फुटात नसते. फॉस्फेट ०.१ पीपीएमच्या पुढे सरकलं की त्यांच्या काळजात धस्स होतं. शंभर लिटरच्या टाकीत हा ऐवज भरतो अवघा १० मिलिग्रॅम!

एवढंसं काहीतरी मोजणारी डबी म्हणजे टेस्ट किट. ती डबी खरं बोलते का, हा खरा प्रश्न. चला, मारा उडी!

समुद्र पाठीमागे, नदी पुढे

सातारा आणि सांगली, दोन्ही जिल्ह्यांना समुद्रकिनारा नाही. तरी गंमत बघा. क्षेत्र महाबळेश्वरला कृष्णा उगम पावते, तिथून अरबी समुद्र सरळ रेषेत जेमतेम ६५ किलोमीटर. पण कृष्णामाई त्याच्याकडे पाठ फिरवते आणि वाई, माहुली, कऱ्हाड, सांगली करत सुमारे १४०० किलोमीटर चालून थेट बंगालच्या उपसागराला भेटते.

मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाचं बरं होतं. १९५१ साली मरीन ड्राइव्हवर सुरू झालं, रस्ता ओलांडला की समुद्र! आपल्याकडे मात्र समुद्र घरीच कालवावा लागतो. आरओचं पाणी घ्यायचं, त्यात सिंथेटिक सी सॉल्ट घालायचं, खारटपणा हजारी ३५ भागांवर आणायचा. आणि घरचा समुद्र म्हटला की घरचीच लॅब आली.

सांगलीचं पिवळं टेस्ट किट

माहीत आहे का, एक झकास टेस्ट किट सांगलीच्या मार्केट यार्डात पोत्यांनी विकलं जातं? हळद! शर्टावर भाजीचा डाग पडला, साबण लावला आणि डाग लालभडक झाला, हा अनुभव घरोघरचा. हळदीतलं कर्क्युमिन अल्कलीत लाल होतं, आम्लात पिवळं राहतं. हळदीला चुना लावून कुंकू बनतं ते याच केमिस्ट्रीनं. समुद्राचं पाणी पीएच ८.१ च्या आसपास असतं, म्हणजे हळदीचा रंग जिथे डळमळायला लागतो, अगदी त्याच टापूत!

थांबा, पुढचं आणखी भारी आहे. पाण्यातला बोरॉन मोजायची प्रयोगशाळांमधली एक मान्यताप्राप्त पद्धत याच कर्क्युमिनवर चालते. बोरॉनशी गाठ पडली की त्याचं लालचुटुक संयुग तयार होतं. समुद्राच्या पाण्यात बोरॉन लिटरमागे साधारण साडेचार मिलिग्रॅम, आणि रीफवाले, म्हणजे कोरलची टाकी सांभाळणारे, त्याच्यावरही डोळा ठेवून असतात. हरिपूरच्या जमिनीतल्या पेवांत साठवली जाणारी, २०१८ मध्ये जीआय मिळालेली सांगलीची हळद आणि कोरलची टाकी, नातं जुळलं की नाही?

टाकीत हळद टाकायची नाही हं! हळद फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ सांगते. रीफला ८.० आणि ८.३ मधला फरक कळावा लागतो.

दूध जड की समुद्र?

पैज लावा. गावच्या दूध संकलन केंद्रावर लॅक्टोमीटर टाकून ‘डिग्री’ बघतात. २८ डिग्री म्हणजे दुधाची घनता पाण्याच्या १.०२८ पट. रीफ टाकीचं पाणी? १.०२५ ते १.०२६. म्हणजे भिलवडीपासून फलटणपर्यंत कॅनमधून जाणारं चांगलं दूध समुद्राच्या पाण्यापेक्षा जड आहे!

टाकीचं हायड्रोमीटर लॅक्टोमीटरचंच भावंड. दुकानात मिळतं ते प्लॅस्टिकचं, काटा वर-खाली होणारं. त्याचा वैरी कोण, माहीत आहे का? बुडबुडा! काट्याला हवेचा एक बुडबुडा चिकटला की काटा वर उचलला जातो आणि पाणी आहे त्यापेक्षा खारट दिसतं. काटा हलकेच टिचकवा, मग वाचा.

द्राक्षवाल्यांनो, कॉलर ताठ करा

तासगावचा बागायतदार द्राक्ष तोडायच्या आधी ब्रिक्स मीटरवर रसाचा थेंब टाकतो, डोळा लावतो आणि साखर सांगतो. रीफवाला त्याच जातीच्या यंत्रावर टाकीतला थेंब टाकतो आणि मीठ सांगतो. तत्त्व तेच, प्रकाश किती वाकतो ते बघायचं. पट्टी तेवढी वेगळी, म्हणून बागेतलं ब्रिक्स मीटर टाकीला चालत नाही.

इथे एक मस्त खाच आहे. स्वस्त रिफ्रॅक्टोमीटर बऱ्याचदा साध्या मिठाच्या पाण्यासाठी आखलेलं असतं, समुद्राच्या पाण्यासाठी नाही. मग ते शून्यावर बरोबर आणि ३५ वर चूक! उपाय स्वयंपाकघरातच आहे. ३६.५ ग्रॅम मीठ आणि ९६३.५ ग्रॅम डिस्टिल्ड वॉटर, दोन्ही वजनानं मोजून. हे पाणी प्रकाशाला तेवढंच वाकवतं जेवढं ३५ खारटपणाचं समुद्रपाणी. यंत्र त्यावर ३५ ला लावा. कंपनीची महागडी बाटली नाही मिळाली तरी काम फत्ते.

बिअर, बिअर आणि बिअर

माहीत आहे का, टाकीच्या पाण्याची निम्मी टेस्टिंग बिअरच्या कारखान्यांतून आली आहे? पीएचची पट्टी १९०९ मध्ये सोरेनसेन यांनी आखली, कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत. नायट्रेट किटमधला गुलाबी रंग ज्या रिअ‍ॅक्शनचा, ती ग्रीस यांची. १८७९ साली त्यांनी ती मांडली तेव्हा नोकरी होती इंग्लंडमधल्या ऑलसॉप ब्रुअरीत. आणि मोजक्याच नमुन्यांवरून आकड्यावर कितपत भरवसा ठेवायचा, याचं गणित १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावानं छापणारे गॉसेट? गिनेस ब्रुअरीचे केमिस्ट!

न पिणाऱ्यांसाठीही आहे. १९३४ मध्ये अर्नोल्ड बेकमन यांनी पीएच मीटर बनवलं ते कॅलिफोर्नियातल्या लिंबांच्या रसाचा आंबटपणा मोजायला. फॉस्फेटची आज सगळीकडे चालणारी निळ्या रंगाची टेस्ट १९६२ ची, मर्फी आणि रायली यांची. तिच्यात काय पडतं? व्हिटॅमिन सी! आवळ्यातलं तेच.

आणि साबणाला फेस येत नाही म्हणून बोअरच्या पाण्याला नावं ठेवणारी आजी? तिची पद्धत १८४० च्या दशकात अ‍ॅबर्डीनचे प्रोफेसर थॉमस क्लार्क यांनी मोजमापात बसवली. ठरावीक साबण घालायचा, फेस टिकेपर्यंत मोजत राहायचं, पाणी किती जड ते कळतं.

माणसाला पास, कोरलला नापास

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. बहुतेक रीफवाल्यांना ते १० च्या आत हवं असतं. म्हणजे तुम्ही-आम्ही बिनधास्त पिऊ शकतो, त्या पाण्याला कोरल नाक मुरडू शकतं! ऊस-द्राक्षाच्या पट्ट्यात खतांचा मारा आणि क्षारपड जमिनी, दोन्ही ओळखीचं. म्हणून बोअरचं पाणी थेट टाकीत नको. आरओ लावा आणि टीडीएस मीटर हाताशी ठेवा.

बाय द वे, पाणी तपासणारी माणसं इथे गावोगाव आहेत. २०१९ ला सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना फील्ड टेस्ट किट वापरायला शिकवायचं ठरलं. पीएच, कठीणपणा, क्लोराइड, नायट्रेट, फ्लोराइड. यातल्या कुणा ताईंनी उद्या रीफ टाकी ठेवली, तर त्यांना थेंब मोजायला कुणी शिकवायची गरज नाही. त्याच तपासणीत विष्ठेचे जंतू असतील तर पाणी काळं करणारी छोटी बाटलीही असते. ती पद्धत भारतीय शास्त्रज्ञांची, १९८२ ची. टाळ्या!

हलवा, हलवा, अजून हलवा!

नायट्रेट किट खोटं बोलतं तेव्हा दोष बहुधा हाताचा असतो. या किटला नायट्रेट थेट दिसतच नाही! आधी धातूची बारीक पूड त्याचं नायट्राइट करते, मग रंग चढतो. पूड बाटलीच्या तळाशी बसून राहते. एपीआय कंपनीच्या किटची दुसरी बाटली म्हणून ३० सेकंद दणकून हलवायची, थेंब घातल्यावर नळी पुरतं एक मिनिट, आणि मग पाच मिनिटं वाट. आळस केला की नळी पिवळीधमक, रिझल्ट शून्य, मालक खूश आणि टाकीत शेवाळाची जत्रा.

उलटी फसगतही होते. नव्या टाकीत नायट्राइट आधीच भरपूर असतं. किट त्यालाच नायट्रेट समजून आकडा फुगवतं. नायट्राइट शून्यावर आल्याशिवाय नायट्रेटच्या आकड्यावर विसंबू नका.

एक युनिटचा घोळ सांगतोच. काही किट्स नायट्रेट दाखवतात, काही नुसता त्यातला नायट्रोजन. दुसऱ्याला ४.४३ नं गुणलं की पहिला मिळतो. दोन किट्समध्ये चौपट फरक दिसला तर भांडण लावू नका, डबीवरचं बारीक अक्षर वाचा.

फॉस्फेट: इथे पैसे खर्च करा

एपीआयच्या फॉस्फेट कार्डावर शून्यानंतरचा पहिला रंग ०.२५ चा. रीफला हवं ०.०३ ते ०.१. म्हणजे तुमची अख्खी दुनिया कार्डावरच्या पहिल्या दोन चौकोनांच्या फटीत मावली! माझं मत सरळ आहे, रीफसाठी हे किट घेऊ नका. गोड्या पाण्यातल्या माशांना ठीक.

इथे हॅना कंपनीचं चेकर कामाला येतं. मुठीत मावणारं यंत्र, डोळ्याऐवजी सेन्सर रंग बघतो. त्यातल्या अल्ट्रा लो फॉस्फरसच्या मॉडेलवर आकडा दिसतो तो फॉस्फरसचा, पीपीबीमध्ये. ३.०६६ नं गुणा, हजारनं भागा. २० दिसलं तर फॉस्फेट ०.०६ पीपीएम. एकदम मस्त टाकी.

आणि सातारकरांनो, कंदी पेढा खाऊन तसाच अंगठा बाटलीच्या तोंडावर दाबून हलवू नका! दुधात फॉस्फेट भरपूर असतं. पेढा टाकीला नाही, पण टेस्टला नक्की बाधतो. झाकण लावा, काच पुसा, बोटाचा ठसासुद्धा सेन्सरला दिसतो.

हीरो नंबर वन: अल्कलिनिटी

आता खरा हीरो. कोरल आपला सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा बांधतं. त्यासाठी पाण्यातून कॅल्शियम आणि अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल पचवायची ताकद, दोन्ही ओढतं. पण माहीत आहे का, दोन्हींचा पडण्याचा वेग आपल्याला किती वेगळा दिसतो? अल्कलिनिटी १ डीकेएचनं (डीकेएच हे तिचं माप) उतरली की कॅल्शियम उतरतं जेमतेम ७ पीपीएम. ८ ची ७ झाली म्हणजे आठवा हिस्सा गेला. कॅल्शियम मात्र ४२० चं ४१३! एपीआयच्या कॅल्शियम किटमध्ये एक थेंब म्हणजे २० पीपीएम. त्याला हा फरक कळणारच नाही.

म्हणून बजेट कमी असेल तर पहिलं चांगलं किट अल्कलिनिटीचं. मग फॉस्फेट, मग नायट्रेट. कॅल्शियम-मॅग्नेशियम त्यानंतर, आणि तिथे सॅलिफर्ट किंवा रेड सीसारखं सिरिंजवालं घ्या. अमोनिया फक्त टाकी नवी असताना, तेव्हा साधं एपीआयही भागवतं.

सॅलिफर्टची टेस्ट करताना बघायला मजा येते. छोट्या बाटलीत ४ मिलिलिटर पाणी, त्यात इंडिकेटरचे थेंब, पाणी निळसर-हिरवं. सिरिंजमधून एकेक थेंब सोडायचा, बाटली गोल गोल फिरवायची. थेंब पडतो तिथे गुलाबी ठिपका उमटतो आणि लगेच विरतो. मग तो विरायला वेळ लावायला लागतो. इथे हात आवरायचा! पुढच्या एक-दोन थेंबांत सगळं पाणी गुलाबी-केशरी होतं आणि मागे फिरत नाही. झालं. विलिंग्डन कॉलेजात किंवा साताऱ्याच्या वायसीत ब्युरेट धरलेल्यांना हा क्षण चांगलाच माहीत असेल.

थेंब मोजायच्या किटसाठी एक जुगाड, अगदी कायदेशीर. एपीआयमध्ये ५ मिलिलिटर पाण्याला एक थेंब म्हणजे १ डीकेएच. पाणी १० मिलिलिटर घ्या, एक थेंब झाला अर्ध्या डीकेएचचा. किट तेच, बारकावा दुप्पट!

निळ्या उजेडात निळा रिझल्ट

रीफ टाकीवर निळे एलईडी असतात, दिसायला झक्कास. पण त्या उजेडात कलर कार्ड वाचलं तर आकडा भलताच येतो. खिडकीशी या, दिवसाच्या उजेडात, पाठीमागे पांढरा कागद. आणि लाल-हिरव्याचा घोळ पुरुषांत बायकांपेक्षा कितीतरी जास्त असतो, कारण तो एक्स गुणसूत्रावरून येतो. तेव्हा दादा, कार्ड वहिनींना वाचू द्या.

एक ऊन, एक दमट

महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, तर तिकडे जत-आटपाडीला पाचशेची मारामार. टेस्ट किटचे दोन्ही शत्रू एकाच पट्ट्यात! घाटमाथ्यावर पावडरी ओल धरून गोळा होतात. पूर्वेच्या उन्हात, चाळीस अंश गाठलेल्या कुरिअरच्या टेम्पोत रिएजंट शिजतात. किट मागवायचं तर मे महिना टाळा. घरी आलं की अंधाऱ्या, कोरड्या कपाटात ठेवा, टाकीच्या खालच्या दमट कप्प्यात नको. तिथेच सगळे ठेवतात आणि तिथेच ती मरतात.

विकत घेताना एक्सपायरी आधी, किंमत नंतर. क्रॉफर्ड मार्केटात घ्या नाहीतर ऑनलाइन, डिस्काउंट जबरदस्त असेल तर तारीख दोनदा बघा. उघडलेल्या बाटलीवर उघडल्याची तारीख मार्करनं लिहून टाका.

सूर्याहून गरम टेस्ट

घरच्या किटनं समाधान नाही? आयसीपी नावाची टेस्ट आहे. पाणी छोट्या कुपीत भरून लॅबला पाठवायचं, जर्मनीतल्या लॅब त्यासाठी प्रसिद्ध. तिथे पाण्याचे तुषार आर्गॉनच्या प्लाझ्मात सोडतात. प्लाझ्मा किती गरम? सूर्याच्या पृष्ठभागाहूनही जास्त! प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या रंगात चमकतं आणि डझनावारी आकडे एका दमात मिळतात. पण पीएच आणि अल्कलिनिटी प्रवासात बदलतात, ती घरीच मोजा.

दीड शतकाहून जास्त काळ लोक समुद्र मोजतायत म्हणा ना. एचएमएस चॅलेंजर १८७२ ते ७६ जगभर फिरलं. त्यातले ७७ नमुने डिटमार यांनी तपासले आणि १८८४ मध्ये सांगितलं की समुद्र कुठलाही असो, मुख्य क्षारांचं एकमेकांशी प्रमाण जवळपास तेच. म्हणून तर तुमच्या पिशवीतलं सी सॉल्ट चालतं! पुढे कोपनहेगनहून बाटलीबंद ‘स्टँडर्ड समुद्र’ जगभर जायला लागला, यंत्रं त्यावर जुळवायला. आज ते काम इंग्लंडमधून होतं.

आपलंही एक रीफ आहे

माहीत आहे का, महाराष्ट्रालाही स्वतःचं कोरल आहे? मालवणच्या पाण्यात आहे. आणि विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात बुडालेलं पठार आहे, आंग्रिया बँक. नाव अर्थातच कान्होजी आंग्रे यांचं.

इथे थट्टा बाजूला. आपल्या समुद्रातली रीफ बांधणारी कोरल्स वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या शेजारी. मालवणहून येताना तुकडा खिशात घालणं हा गुन्हा आहे. दुकानात कोरल विकत घेताना ते कुठून आलं, आयातीचे कागद आहेत का, हे विचारा. कागद नसेल तर ते कोरल घरी आणू नका.

किटचीच परीक्षा!

आता बोनस, आणि माझ्या मते सगळ्यांत कामाचा. विट्याच्या, खानापूर-आटपाडीच्या गलाई कारागिरांनी देशभर दुकानं थाटली ती सोनं गाळून त्याचा खरेपणा ठरवण्याच्या जोरावर. तोच खाक्या किटला लावा. खाण्याचा सोडा घ्या, बेकिंग पावडर नाही. सोन्याच्या बारीक काट्यावर बरोबर ३ ग्रॅम तोला. बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवून एक लिटर करा. त्यातलं १०० मिलिलिटर काढून पुन्हा डिस्टिल्डनं एक लिटर भरा. या पाण्याची अल्कलिनिटी १० डीकेएच, हिशेब पक्का.

आता थेंबाचं किट काढा आणि हे पाणी तीनदा मोजा. साडेनऊ ते साडेदहाच्या मध्ये आलं तर ते किट ठेवा, भले ते स्वस्त असो. आठ आलं किंवा बारा आलं, तर डबी किती का नावाजलेली असेना, बिलासकट दुकानदाराला परत करा.